पहिलं बाळंतपण : घरी की दवाखान्यात?

रानजाई
सातवा महिना लागलाय. पहिलंच. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन सगळं जागेवर आहे. बाळाचं डोकं अजून खाली वळलेलं नाही, पण डॉक्टर म्हणतात त्याला भरपूर वेळ आहे. आणि गेले दोन महिने माझ्या डोक्यात एकच घोळतंय : बाळंतपण घरी करावं का?

कारण सांगते. चार वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीच्या वेळी मी दवाखान्यात तिच्या सोबतीला गेले होते. सोबत कसली, दाराबाहेरच बसून होते. आतून तिचा आवाज यायचा आणि पाठोपाठ कुणाचं तरी तिच्यावर खेकसणं. हाताला सलाईन, पोटाला पट्टे, चौदा तास पलंगावरून उठू दिलं नाही. बाळ छान, ताई सुखरूप. पण आजही त्या दिवसाचा विषय निघाला की ताई बोलता बोलता मध्येच गप्प होते. उलट माझ्या आजीची पाचही बाळंतपणं घरात झाली, आणि ती त्याबद्दल अगदी सहज बोलते.

आमच्या ओळखीत एक प्रशिक्षित, परवाना असलेली सुईण आहे. ती यायला तयार आहे. नवरा म्हणतो दवाखानाच. तो घाबरलाय, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरलेय. फक्त आमच्या भीत्या वेगवेगळ्या आहेत.

भाषण नको, अनुभव हवेत. चांगले, वाईट, सगळे लिहा.

दगडफूल
दवाखाना. यात विचार करण्यासारखं काय आहे?

चाफेकळी
अभिनंदन गं! माझी दोन्ही बाळंतपणं दवाखान्यात झाली आणि दोन्ही वेळा अनुभव चांगला आला. प्रत्येक तपासणीआधी विचारलं, काय करणार ते सांगितलं, नवरा शेवटपर्यंत उशाशी होता. दुसऱ्या वेळी तर डॉक्टरीणबाई जवळजवळ तासभर स्टुलावर नुसत्या बसून होत्या, "घाई नाही, तुझं चाललंय ते छान चाललंय" एवढंच म्हणत. त्यामुळे सगळे दवाखाने तुझ्या ताईच्या दवाखान्यासारखे असतात असं धरून चालू नकोस.

मुक्तछंद
मी दोन्ही करून बसलेय, पहिलं दवाखान्यात आणि दुसरं घरी. त्यामुळे सविस्तर लिहिते.

आमच्या सुईणीने पहिल्याच भेटीत अटी सांगितल्या. जुळं असेल, बाळ पायाळू किंवा आडवं असेल, रक्तदाब चढला, ३७ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, आधीचं सिझेरियन असेल, तर घरी नाही. त्यावर वाद घालायचा नाही. मला तेव्हाच ती आवडली. जी बाई "नाही" म्हणू शकते तिच्या "हो"वर विश्वास ठेवता येतो.

कळा रात्री सुरू झाल्या. ती दोन मोठ्या पिशव्या घेऊन आली. छोटं ऑक्सिजन सिलिंडर, बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि इवलासा मास्क, टाके घालायचं सामान, आणि थंड डब्यात इंजेक्शनं. सगळं टेबलावर मांडून वर स्वच्छ चादर टाकली आणि कोपऱ्यात बसून राहिली. दर पंधरा मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकायची, नंतर नंतर प्रत्येक पाच मिनिटांनी. बाकी तिने फारसं काही केलंच नाही. मी गुडघ्यांवर, पलंगाच्या कडेला छाती टेकून. दिवा मंद. ओरडावंसं वाटलं तेव्हा ओरडले, कुणी गप्प बस म्हटलं नाही. चार तासांत लेक झाली.

एक गोष्ट मनात कोरली गेलीय. वार पडल्यावर तिने ती दिव्याखाली दोन्ही तळहातांवर पसरली, कडा जुळवून बघितल्या, उलटीपालटी केली. एखादा तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही म्हणून. पाच मिनिटं ती वारच वाचत होती. तोवर खोलीत कुणी बोललं नाही.

इतका सुंदर अनुभव असूनही एक सांगते, रानजाई : ते माझं दुसरं होतं. पहिल्या वेळी मला तेवीस तास लागले होते आणि शेवटी बाळाला चिमटा लावून काढावं लागलं. तेव्हा मी घरी असते तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते.

मोरपंखी
वाचतेय. माझाही प्रश्न हाच आहे.

अर्धविराम
मी एकोणीस वर्षं लेबर रूममध्ये परिचारिका आहे. घाबरवायला लिहीत नाही. "अचानक" म्हणजे किती अचानक, हे कळावं म्हणून लिहिते.

पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिच्या जागी उघड्या राहिलेल्या रक्तवाहिन्या बंद करायला कुठलंही बूच नसतं. गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि स्नायूंचे धागे त्या वाहिन्यांना पिळून धरतात, एवढाच निसर्गाचा बंदोबस्त. बहुतेक वेळा तो चोख असतो. पोटावर हात ठेवला की गर्भाशय टणक चेंडूसारखं लागतं आणि आम्ही निःश्वास टाकतो. पण कधीकधी हाताला तो चेंडू सापडतच नाही. सगळं मऊ. मग एकीने पोट चोळायचं, दुसरीने इंजेक्शन, तिसरीने दुसरी शीर धरून सलाईन, चौथीने रक्तपेढीला फोन. घरी आलेल्या सुईणीला हात दोनच असतात, कितीही कसलेले असले तरी.

जगभरात बाळंतपणात ज्या बाया दगावतात त्यांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रक्तस्राव हेच आहे. आणि कुणाला होणार हे आधी ओळखता येईलच असं नाही. नऊ महिने सगळे रिपोर्ट उत्तम असलेल्या बाईलाही होतो.

बाळाचंही तेच. दहातल्या नऊ बाळांना आपल्याकडून फक्त ऊब आणि कोरडा कपडा हवा असतो. दहाव्याला श्वास घ्यायला थोडी मदत लागते, आणि ती पहिल्याच मिनिटात लागते.

मुक्तछंद, तुमच्या सुईणीने जे केलं ते अगदी शिस्तीचं काम आहे. ठोके, थंड डबा, वार तपासणं, सगळंच. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळायचं इंजेक्शन, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा जोर उतरतो. उन्हात फिरलेलं इंजेक्शन ऐन वेळी पाण्यासारखं ठरू शकतं. रानजाई, तुझ्या सुईणीला पहिला प्रश्न हाच विचार.

जुनी_वही
पोरी, माझं वय बहात्तर. माझ्या आईची सात बाळंतपणं घरात झाली. आम्ही पाच वाढलो.

आजी सहज बोलते असं तू लिहिलंस. माझी आईही सहजच बोलायची. सहाव्या खेपेचं तिने मला मी चाळिशीला आल्यावर सांगितलं. आधी बाळाचा हात बाहेर आला होता. रात्रभर तशीच होती ती. सुईण चांगली होती, हात हलका होता तिचा, पण पहाटे तिनेही हात जोडले. हे सांगताना आई ओढणीच्या... नव्हे, पदराच्या टोकाला गाठी मारत होती आणि सोडत होती, एवढं मला आठवतं.

त्या बायका सहज बोलतात कारण रडत बसायला कुणी वेळ दिला नव्हता. तुझ्या आजीला एकटीला गाठ आणि नीट विचार.

चाफेकळी
जुनी_वही काकू, काय लिहू कळत नाही. नमस्कार.

बिनचूक
अनुभव भरपूर आले, आता थोडे आकडे. या विषयावरचा एक मोठा अभ्यास इंग्लंडमधला आहे, २०११ साली प्रसिद्ध झालेला. कमी जोखमीच्या सुमारे ६४,५०० बायका त्यात होत्या. बाळंतपण कुठे करायचं ठरवलं होतं त्यानुसार गट केले. म्हणजे घरी ठरवून ऐन वेळी दवाखान्यात न्यावं लागलं तरी ते "घरी"च्याच खात्यात. हे महत्त्वाचं, कारण नाहीतर बिघडलेली सगळी बाळंतपणं दवाखान्याच्या माथी येतात.

पहिलटकरणींमध्ये बाळाच्या बाबतीत गंभीर काही घडण्याचं प्रमाण दवाखान्यात हजारी ५.३ आणि घरी हजारी ९.३ निघालं. यात मृत्यू, मेंदूला इजा, बाळाने शी गिळून फुफ्फुसात जाणं, खांद्याजवळच्या नसांना किंवा हाडाला इजा, असं सगळं एकत्र मोजलंय. दोन्हीकडे हजारातली ९९० हून जास्त बाळं ठणठणीत. पण फरक आहे.

दुसऱ्या किंवा त्यापुढच्या खेपेला मात्र बाळाच्या बाबतीत घर आणि दवाखाना यात लक्षणीय फरक दिसला नाही.

रानजाई, तुझ्या दृष्टीने मला तिसरा आकडा जास्त बोलका वाटतो. घरी ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी १०० तल्या ४५ जणींना कळा चालू असताना किंवा बाळ झाल्याबरोबर दवाखान्यात हलवावं लागलं. आधी मूल झालेल्यांमध्ये हे प्रमाण १२ होतं. यातल्या बऱ्याच जणी कळा मंदावल्या, पुढे सरकेना म्हणून गेल्या, जिवावर बेतलं म्हणून नव्हे. तरीही कळा देत गाडीत बसायची तयारी जवळजवळ निम्म्या शक्यतेने ठेवायला हवी.

दगडफूल
म्हणजे मी एका ओळीत म्हणालो तेच.

मुक्तछंद
नाही हो दगडफूल. त्याच अभ्यासात घरी ठरवलेल्या बायकांमध्ये सिझेरियन, चिमटा, टाके या सगळ्यांचं प्रमाण बरंच कमी होतं, हेही आहे. ते आईच्या शरीराचे आकडे आहेत. बाळ सुखरूप म्हणजे सगळं मिटलं असं नसतं. टाके पिकल्यामुळे मला पहिल्या वेळी दीड महिना धड बसून पाजता आलं नव्हतं.

बिनचूक
मुक्तछंद, बरोबर. मी ते लिहायला हवं होतं.

शिवाय त्या सुईणी एका मोठ्या यंत्रणेचा भाग होत्या हेही ध्यानात घ्यावं. नोंदणी झालेल्या, ठरलेलं रुग्णालय, फोन केल्यावर येणारी रुग्णवाहिका, दारात पोचल्यावर "तुमची फाईल कुठाय" असं न विचारता आत घेणारे लोक. हे सगळं मागे नसेल तर ते आकडे आपल्याला लागू पडत नाहीत. फक्त "घर" हा शब्द सारखा, बाकी काही नाही.

धुकं
नेदरलँड्सची परंपरा या बाबतीत प्रसिद्ध आहे. तिथे एके काळी निम्म्याहून जास्त बाळं घरी जन्मायची. आता पाचातलं एकही नाही. सुईणींवरचा तिथला विश्वास काही गेलेला नाही, बऱ्याच जणी सुईणीच्याच देखरेखीखाली पण दवाखान्याच्या आवारात बाळंत होतात. रानजाई, तुमच्याकडे दवाखान्याला लागूनच सुईणींनी चालवलेला विभाग आहे का बघ. खोली घरासारखी, आणि ऑपरेशन थिएटर जिना उतरून.

निःशब्द
तीन दिवस हा धागा वाचतेय. आज लिहिते.

माझं पहिलं दवाखान्यात झालं. नाव लिहीत नाही. मला नऊ तास एकटीला ठेवलं. आईला आत येऊ दिलं नाही. दर वेळी वेगळं माणूस यायचं, चादर बाजूला करून तपासायचं आणि माझ्याशी नाही तर शेजारच्या माणसाशी बोलायचं. "पाच." "अजून पाचच?" मी ओरडले तेव्हा एकजण जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी कात्रीने छेद दिला तेव्हा कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. मला फक्त आवाज ऐकू आला. जाड कापड कापतात तसा.

मुलगा आता सात वर्षांचा आहे. मला दुसरं हवं होतं. मी टाळलं.

तेव्हा "दवाखान्यात विचार करण्यासारखं काय आहे" असं कुणी लिहिलं की मला वाटतं, आहे. खूप आहे.

मोरपंखी
निःशब्द, तुझ्याजवळ बसावंसं वाटलं.

अर्धविराम
निःशब्द, तुमची माफी मागते. त्या दवाखान्यात मी नव्हते, पण खोली माझ्याच पेशाची होती. असं वागणाऱ्यांना मी पाहिलंय, आणि नवीन असताना गप्पही बसलेय. याची मला आजही लाज वाटते.

तुमच्या बाबतीत जे झालं त्याला वैद्यकीय आधारही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट आहे : बाईला हवं ते माणूस तिच्यासोबत असावं. सरसकट छेद देऊ नये. तिला हालचाल करू द्यावी, हवी ती स्थिती घेऊ द्यावी. आणि गर्भाशयाचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यानंतरच खऱ्या अर्थाने कळा वेगात आल्या असं धरावं, तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा हट्ट सोडावा. म्हणजे तुम्हाला "अजून पाचच?" म्हणून हिणवलं, तिथून तर खरी सुरुवात होत होती.

सोबतीचं माणूस ही काही चैन नाही. कळा देताना सतत कुणीतरी जवळ असलं तर काय होतं यावर २६ चाचण्या एकत्र करून २०१७ मध्ये आढावा घेतला गेला, पंधरा हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. सोबत असलेल्यांमध्ये सिझेरियन कमी, वेदनाशामकं कमी, कळांचा काळही थोडा कमी आणि "माझा अनुभव वाईट होता" म्हणणाऱ्याही कमी. एक माणूस. हात धरून बसलेलं. आम्ही इतकी वर्षं त्यालाच दाराबाहेर बसवत आलो.

उलटतपासणी
थोडं विषयांतर होईल, पण राहवत नाही. निःशब्द यांच्यासारख्या भीतीला मोठा इतिहास आहे.

व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४०च्या दशकात दोन बाळंतपणाचे विभाग होते. एक डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचा, एक सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने बाया सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त मरत. हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून बाया पाया पडत. काही जणी वाटेवर रस्त्यातच बाळंत होत, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना हा ज्वर कमी होई. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बायांना तपासायला येतात. १८४७च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं.

त्या काळी दवाखान्याला घाबरणाऱ्या बाया अडाणी नव्हत्या. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. दवाखाना सुरक्षित झाला तो हात धुवून, रक्त देऊन, प्रतिजैविकं आणून. बाईला माणसासारखं वागवणं हीही त्याच यादीतली गोष्ट आहे असं मला वाटतं, आणि बऱ्याच ठिकाणी ती अजून बाकी आहे.

पाऊलवाट
उलटतपासणी, फार छान माहिती. मूळ प्रश्नाकडे येते, कारण माझा अनुभव इथे अजून कुणी लिहिलेला नाही. घरून हलवावं लागलेल्यांपैकी मी एक.

पहिलंच. घरी ठरवलं होतं. बाळ व्यवस्थित झालं, छातीवर आलं, रडलं, आम्हीही रडलो. आणि वार सुटेना. दहा मिनिटं, वीस, तीस. सुईण शांत होती पण तिने बोलणं बंद केलं. मग खाली ओल वाढली. तिने खालची चादर काढून ताटलीत टाकून तोलली, मला वाटलं हे काय करतेय, नंतर कळलं की रक्त किती गेलं ते नजरेने नेहमी कमीच भासतं म्हणून ती वजन करत होती. आकडा बघितला आणि म्हणाली, "आता निघायचं."

दवाखाना बावीस मिनिटांवर. ते आम्ही आधीच, संध्याकाळच्या गर्दीत गाडी चालवून मोजून ठेवलं होतं. गाडीत ती माझ्या पोटावर मूठ दाबून बसली होती, बावीसच्या बावीस मिनिटं. तिने वाटेतूनच फोन केला होता, त्यामुळे दारात स्ट्रेचर तयार होतं. भूल देऊन वार काढली, दोन बाटल्या रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी मी उठून बसले.

लोक विचारतात, पस्तावलीस का? बाळ झाल्यानंतरची ती पहिली वीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर आहेत. आणि ती गाडी मला स्वप्नात दिसते. दोन्ही खरं आहे. पण दवाखाना बावीसऐवजी साठ मिनिटांवर असता तर मी हे लिहायला नसते, हेही खरं आहे. तेव्हा रानजाई, घर की दवाखाना हे ठरवायच्या आधी गाडी काढ आणि मिनिटं मोज.

दगडफूल
मी पहिल्याच प्रतिसादात एक ओळ टाकून मोकळा झालो होतो. निःशब्द यांचं वाचून काल रात्री बायकोला विचारलं, आपल्या वेळी आत काय झालं होतं? मी बाहेर बाकावर होतो. ती बराच वेळ बोलत होती. सहा वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

मत बदललेलं नाही, पहिल्या वेळी दवाखानाच. पण निःशब्द, माझ्या त्या वाक्याबद्दल मनापासून क्षमस्व.

निःशब्द
दगडफूल, तुम्ही विचारलंत हे फार झालं. खरंच.

पाणवठा
धागा जड झालाय, म्हणून आमच्या घरची एक गंमत. कळा मोजायचं काम माझ्याकडे होतं. नवी वही, दोन पेनं, मनगटावर घड्याळ. ती वही आम्ही जपून ठेवलीय. त्यातली नोंद : "१.४२ कळ. १.४९ कळ. १.५५ कळ. २.०१ कळ, मला वही बंद कर म्हणाली. २.०६ कळ, पेन फेकलं. दुसरं पेन घेतलं." लेकीला ती वाचून दाखवली की ती खदखदून हसते आणि म्हणते, "मी बाहेर यायच्या आधीच आईने तुला रागवलं!"

मोरपंखी
दुसरं पेन घेतलं 😂 इतकी तत्परता सगळ्या नवऱ्यांना मिळो.

मुक्तछंद
पाणवठा, वही लाखमोलाची आहे. नीट ठेवा.

चाफेकळी
अर्धविराम ताई, दवाखान्यातच जायचं असेल तर आधी काय काय विचारून घ्यावं? हे कुणीच सांगत नाही. आम्ही फक्त खोली कशी आहे ते बघून येतो.

अर्धविराम
चांगला प्रश्न. सातव्या-आठव्या महिन्यात, हसतमुखाने पण स्पष्ट विचारायचं. कळा देताना माझं माणूस आत चालेल का, आणि रात्री तीन वाजताही चालेल का? मला चालता-फिरता येईल का, कुशीवर किंवा गुडघ्यांवर बाळंत होता येईल का? छेद सगळ्यांना देता की लागला तरच? बाळाचे ठोके पट्टा बांधून सतत ऐकता की मधूनमधून? कमी जोखमीच्या बाईला सतत पट्ट्याची गरज नसते. त्याने सिझेरियन वाढतात आणि बाळांच्या मृत्यूंमध्ये फरक पडलेला दिसलेला नाही. बाळाला झटके येण्याचं प्रमाण मात्र सतत ठोके ऐकल्याने कमी होतं, तेव्हा जोखीम असेल आणि ते लावा म्हणाले तर लावू द्यावा. नाळ लगेच कापता की मिनिटभर थांबता? बाळ लगेच छातीवर देता का? रक्त इथेच मिळतं की बाहेरून आणावं लागतं? भूलतज्ज्ञ रात्री दवाखान्यात असतात की घरून येतात?

उत्तरांपेक्षा उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघ. प्रश्न विचारल्याचा राग आला तर दुसरीकडे जा. कळा सुरू झाल्यावर तो राग तिप्पट होतो.

आणि शेवटचे दोन प्रश्न घरी बाळंत होऊ पाहणाऱ्यांनीही, ज्या दवाखान्यात ऐन वेळी जाणार तिथे जाऊन विचारायचे. आधी नाव नोंदवून ठेवायचं. पाऊलवाट यांच्यासाठी दारात स्ट्रेचर होतं, ते काही नशिबाने नव्हतं.

रानजाई
सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. नवऱ्यानेही वाचलं. पाऊलवाट, तुमचं वाचून तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आला नाही.

काल आजीला एकटीला गाठलं. जुनी_वही काकू, तुम्ही म्हणालात तसं विचारलं. ती आधी नेहमीचंच सांगायला लागली, मग थांबली. म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं गं, घरी की कुठे. दुसरी जागाच नव्हती. तिसऱ्या वेळी दोन दिवस मी डोळे उघडले नव्हते म्हणतात, मला त्यातलं काही आठवत नाही." मग माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "तुला विचारतायत ना? मग घाई नको करू."

आम्ही गाडी काढून मिनिटं मोजली. आमच्या घरापासून दवाखाना, संध्याकाळी सहा वाजता : एकतीस मिनिटं. आदल्या दिवशी सकाळी चौदा होती.

तर पहिलं दवाखान्यातच, हे ठरलं. पण ताईच्या दवाखान्यात नाही. दोन ठिकाणी अर्धविराम ताईंचे प्रश्न घेऊन गेलो. पहिल्या ठिकाणी "हे सगळं इंटरनेटवर वाचलं का?" असं विचारलं, उठून आलो. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी कागद हातात घेऊन एकेक प्रश्नाचं उत्तर दिलं. छेद लागला तरच. सोबत एक माणूस चोवीस तास. रक्त इथेच. गुडघ्यांवर बाळंत व्हायचं म्हटल्यावर थोड्या थबकल्या आणि म्हणाल्या, "मी स्वतः तसं फारसं केलेलं नाही, पण परिचारिकेला येतं, ती असेल तर करू." मला त्यांचा हा खरेपणा आवडला.

आणि सुईणबाईंना फोन केला. वाटलं होतं नाराज होतील. त्या म्हणाल्या, पहिलं आहे, मीही हेच सांगणार होते, तू विचारायची वाट बघत होते. कळा सुरू झाल्या की त्या घरी येणार, शक्य तितका वेळ घरीच काढायचा, आणि मग त्याच माझ्यासोबत आत येणार. नवऱ्याचं काय, तर त्याला मी गाडी चालवायला आणि वहीला ठेवलंय. पाणवठा, त्याने दोन पेनं घेतलीत.

निःशब्द, ताईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं, शेवटपर्यंत.

एकच विचारायचं राहिलं, अर्धविराम ताई. घरून निघायचं नेमकं कधी?

अर्धविराम
पहिल्या खेपेला कळ दर पाच मिनिटांनी, प्रत्येक साधारण मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघायचं. अंतर मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. तुमची एकतीस मिनिटं धरून थोडं आधीच निघा, संध्याकाळ असेल तर नक्कीच.

पण यातलं काही झालं तर कळांची वाट न बघता लगेच : रक्त जायला लागलं. पाणी फुटलं आणि ते हिरवट किंवा तपकिरी दिसलं. बाळाची हालचाल कमी वाटली. डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि पाणी स्वच्छ असलं, कळा नसल्या, तरी फोन मात्र करायचाच.

बाळाचं डोकं खाली वळलं का, ते कळव.

रानजाई
लिहून घेतलं, वहीच्या पहिल्याच पानावर. पुढच्या मंगळवारी तपासणी आहे, आल्यावर कळवते.